फोटोतले आभाळ कुठले?

मंडळी, हल्ली लग्नाचा फोटो हाती येतो तेव्हा नवरा-नवरीच्या मागे कधी कधी बर्फाचे डोंगर उभे असतात. मांडव मात्र पडलेला असतो आपल्याच गावात! मोबाइलवर बोट फिरवले की चेहरा उजळतो, आभाळ निळे होते, नकोसा माणूस नाहीसा होतो. मग एखादे जाणते गृहस्थ म्हणतात, "आमच्या वेळचा फोटो खरा असायचा बुवा!" हे म्हणणे कितपत बरोबर आहे, ते आज आपण पाहू.

सन १८५१ नंतर फोटो काचेवर घेऊ लागले. काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्राव पसरायचा, ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची आणि ओली असतानाच फोटो टिपायचा. या मसाल्याची एक खोड होती. निळ्या उजेडाचा परिणाम त्यावर फार लवकर होई. जमीन नीट उमटेपर्यंत थांबावे, तर आभाळ कोऱ्या कागदासारखे पांढरे होऊन जाई. ढग टिपायचे, तर जमीन काळी! फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास यावर तोड काढली. समुद्राची एक काच, आभाळाची दुसरी. दोन्ही एकाच कागदावर क्षितिजाशी जुळवून छापायच्या. त्याचे तेच ढग वेगवेगळ्या समुद्रांवर तरंगताना दिसतात. इंग्लंडात ऑस्कर रेलँडर याने तर १८५७ साली तीसांहून अधिक काचा जोडून एकच मोठे चित्र सिद्ध केले. म्हणजे पाहा, फोटोची कला अजून वीस वर्षांचीही झाली नव्हती, तोच जोडकाम सुरू झाले होते.

आपली मुंबईही मागे नव्हती. १८५४ साली तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही तिच्यात होते. सोसायटीच्या संस्थापकांपैकी विल्यम जॉन्सन याने मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये लंडनला प्रसिद्ध केले. त्यातली माणसे एका ठिकाणी टिपलेली, मागचा देखावा दुसऱ्या ठिकाणचा. दोन्ही जोडून एक केलेले! ल ग्रेच्या ढगांनी कोणाचे काही बिघडले नाही. पण जॉन्सनचे पुस्तक 'हे लोक असे असतात' अशी माहिती देण्यासाठी होते. मुंबई कधी न पाहिलेल्या वाचकाने त्यातले खरे किती आणि जुळवलेले किती, हे कसे ओळखावे?

याहून वाईट प्रकार रशियात झाला. मॉस्को-व्होल्गा कालव्यावर १९३७ साली स्टालिनच्या शेजारी त्याचा पोलीसप्रमुख येझोव्ह उभा होता. पुढे त्याच्यावर मर्जी खप्पा झाली. १९४० साली त्याला गोळी घातली. नंतर छापलेल्या फोटोत त्याच्या जागी नुसते कालव्याचे पाणी दिसते! माणूस मारला, आणि तो तेथे होता ही साक्षही पुसली.

१९९० साली अमेरिकेतल्या थॉमस आणि जॉन नोल या भावांनी तयार केलेली 'फोटोशॉप' ही संगणकप्रणाली बाजारात आली. तिनेही जुनीच विद्या उचलली. काळोख्या खोलीत कागदावर उजेड टाकताना फोटोग्राफर तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती मध्ये धरी. तेवढा भाग उजळ राही. बाकी कागद हाताने झाकून एखाद्या भागाला जास्त उजेड दिला, की तो भाग गडद होई. फोटोशॉपमध्ये उजळ-गडद करण्याच्या खुणा आजही तीच चकती आणि तोच हात आहेत.

तेव्हा फोटोला हात लावला, एवढ्याने तो खोटा ठरत नाही. जे होते ते स्पष्ट केले, की नव्हते ते घातले? आणि घातले असेल, तर तसे सांगितले का? शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हे प्रश्न मुलांना विचारायला लावा. एक सोपी परीक्षाही शिकवा. उन्हातला फोटो घ्यावा आणि सावल्या पाहाव्यात. माणसाच्या नाकाची सावली डावीकडे आणि मागच्या झाडाची उजवीकडे पडली असेल, तर शंका घ्यावी की एका चित्रात दोन सूर्य तर उगवले नाहीत ना!