साखर 45: हा आकडा आला कुठून?

मागच्या वर्षी माझी भाची 33 व्या आठवड्यातच जन्मली, इथेच नाशिकमध्ये. वजन दीड किलोच्या जरा वर. एनआयसीयूत सिस्टर दर काही तासांनी तिच्या टाचेला सुई टोचायच्या आणि ग्लुकोमीटर बघायच्या. 45 च्या खाली गेलं की लगेच डॉक्टरांना सांगायचं. ताई त्या आकड्याकडे दहावीचा निकाल लागल्यासारखी बघायची. आणि मी, कोड लिहिणारा माणूस, विचार करत बसलो: हा 45 हार्डकोड कोणी केला?

आधी थोडं विज्ञान. पोटात बाळाला साखर नाळेतून अखंड मिळते. नाळ कापली की पुरवठा बंद. पूर्ण दिवसांच्या बाळाचं इन्सुलिन मग उतरतं, ग्लुकागॉन आणि अ‍ॅड्रेनलिन वाढतं, यकृत साठवलेली साखर सोडतं, चरबीतून बनणारे कीटोन मेंदूला आधार देतात. पण यकृतातला साठा आणि अंगातली चरबी भरते मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. भाची ते पुरं व्हायच्या आधीच बाहेर!

आता आकडा. 1988 साली ब्रिटनमध्ये अ‍ॅलन लुकास आणि सहकाऱ्यांनी 1,850 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या 661 अकाली बाळांचा अभ्यास छापला. ज्यांची साखर पाच किंवा जास्त दिवस 2.6 मिलिमोलच्या, म्हणजे आपल्या मापात साधारण 47 च्या खाली होती, ती दीड वर्षांची झाल्यावर बुद्धीच्या आणि हालचालींच्या चाचण्यांत मागे पडली. झालं, 2.6 जगभर पोचला. आणि 2012 मध्ये उत्तर इंग्लंडच्या अकाली मुलांना पंधराव्या वर्षापर्यंत तपासलं, तर तसा फरक दिसलाच नाही! आजही सगळीकडे एकच आकडा नाही. कुठे 40, कुठे 45, कुठे 47. तरी धोका नको म्हणून टोचणं चालूच, आणि ते बरोबरच आहे.

मला जास्त हलवलं ते पुण्याने. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमने तिथेच जन्मलेल्या मुलांना चार वर्षांची झाल्यावर ग्लुकोजचं पाणी पाजून रक्त तपासलं. 1995 साली छापून आलं: जन्मवजन कमी, तर अर्ध्या तासानंतरची साखर आणि इन्सुलिन जास्त. पुढे पुण्याकडच्या बाळांची लंडनच्या गोऱ्या बाळांशी तुलना झाली. आपली बाळं हडकुळी, पण नाळेच्या रक्तात इन्सुलिन जास्तच. कमी वजन आणि अकाली जन्म एकच नव्हे, हे मान्य. तरी एनआयसीयूत साखर कमी पडते म्हणून घाबरायचं आणि पुढे वाढेल म्हणून जपायचं, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं?

ताईला हे सांगितलं. तिने डिस्चार्ज कार्ड लॅमिनेट करून घेतलंय. जन्मवजनाखाली लाल रेघ.