उलटी केस

निर्दोष सुटलेला अशील आधी पेढे वाटतो आणि मग ऑफिसात येऊन म्हणतो, "वकीलसाहेब, आता यांच्यावर उलटी केस टाका." मी त्याला बसवून सांगतो, की दिवाणी दावा करता येतो, पण मुदत एकच वर्ष. शिवाय खटला भरायला वाजवी कारण नव्हतं आणि भरणाऱ्याच्या मनात आकस होता, हे तुलाच शाबित करावं लागेल. बहुतेक जण चहा पिऊन निघून जातात.

पोलिसांच्या चुकीसाठी सरकारलाच कोर्टात खेचायचं, तर मधे मेरठचं सोनं आडवं येतं. सप्टेंबर 1947 मध्ये अमृतसरच्या एका पेढीचे भागीदार रलियाराम सोनं-चांदी घेऊन मेरठला उतरले. चोरीच्या मालाच्या संशयावरून मध्यरात्री पोलिसांनी त्यांना पकडलं. 103 तोळे 6 मासे 1 गुंज सोनं मुद्देमाल म्हणून जमा झालं. दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला, पुढे चांदीही परत मिळाली. सोनं मात्र सरकारी तिजोरीत न ठेवता मालखान्यातच राहिलं, आणि तिथला हेड कॉन्स्टेबल ते घेऊन ऑक्टोबरात पाकिस्तानात पसार झाला. पोलिसांचा हलगर्जीपणा सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्ये मान्य केला, तरी दावा फेटाळला. कारण अटक आणि जप्ती ही सार्वभौम सत्तेची कामं. हा भेद 1861 च्या कलकत्त्याच्या निकालातून आलेला. तिथे सरकारी गोदीतल्या कामगारांच्या निष्काळजीपणाने एका कंपनीचा घोडा जखमी झाला होता, आणि गोदी हा सत्तेचा कारभार नव्हे म्हणून कंपनीला भरपाई मिळाली. घोड्याचे पैसे मिळाले, सोन्याचे बुडाले!

निकाल लिहिणारे सरन्यायाधीश साताऱ्यात जन्मलेले प्र. बा. गजेंद्रगडकर. ही स्थिती समाधानकारक नाही, संसदेने कायदा करावा, असं त्यांनीच लिहून ठेवलं. 1965 आणि 1967 मध्ये विधेयकं आली, आणि बारगळली.

वाट निघाली ती दुसऱ्या मराठी सरन्यायाधीशांच्या हातून. मुजफ्फरपूरच्या सत्र न्यायालयाने रुदुल साह याला जून 1968 मध्ये निर्दोष सोडलं. तुरुंगाने सोडलं ऑक्टोबर 1982 मध्ये. तो वेडा होता, हा बिहार सरकारचा खुलासा. पण 1977 मध्येच सिव्हिल सर्जनने तो बरा असल्याचं कळवलं होतं. ऑगस्ट 1983 मध्ये यशवंतराव चंद्रचूडांनी रिट अर्जातच, दाव्याच्या फेऱ्यात न ढकलता, भरपाई देवविली: आधीचे पाच हजार धरून पस्तीस हजार. चौदा वर्षांचे! आणीबाणीत हेबिअस कॉर्पस, म्हणजे बेकायदा अटकेविरुद्ध कोर्टात जायची वाट, बंद ठेवणाऱ्या बहुमतातही हेच चंद्रचूड होते. माझ्या पिढीच्या वकिलांना ते विसरता येत नाही, पण म्हणून 1983 चं श्रेय मी कमी करणार नाही. 1993 च्या नीलावती बेहेरा खटल्यात, कोठडीतल्या मृत्यूवर, न्यायालयाने स्पष्टच सांगितलं की मूलभूत हक्काचा भंग झाला तिथे सार्वभौम सत्तेची ढाल चालत नाही.

पण हे सगळं न्यायाधीशांच्या मर्जीवर. हक्काचा कायदा हवा, असं विधी आयोगाने 2018 मध्ये पुन्हा सांगितलं. 1 जुलै 2024 ला फौजदारी प्रक्रियेची नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. पुरेसं कारण नसताना अटक झाली तर तीत भरपाईची कमाल मर्यादा आहे एक हजार रुपये, आणि तेही भरायचे अटक करवणाऱ्या फिर्यादीने.