ग्रेटफुल डेड : मैफलींच्या ध्वनिमुद्रणांची तुलना

ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडच्या (१९६५–९५) मैफलींची ध्वनिमुद्रणे ताडून पाहण्याची चाहत्यांमधील प्रथा. बँडचा गीतक्रम रोज बदले. ‘डार्क स्टार’ची १९६८ ची तबकडी तीन मिनिटांहूनही कमी, मंचावर तेच गीत वीस मिनिटांपलीकडे जाई (पहा : उत्स्फूर्त वादन). श्रोत्यांनी ध्वनिमुद्रण करण्यास आडकाठी नव्हती; १९८४ पासून ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना स्वतंत्र जागा मिळे. तुलनेत वादनाइतकेच प्रतीचे कूळही पाहतात : साउंडबोर्डवरून (ध्वनिमिश्रण यंत्रावरून) घेतलेली प्रत स्वच्छ, पण श्रोत्यांमधून घेतलेल्या प्रतीत सभागृहाचा नाद व टाळ्या येतात, कॅसेटवरून कॅसेट भरताना खरखर वाढत जाते (पहा : ध्वनिफीत). कॉर्नेल विद्यापीठातील ८ मे १९७७ च्या मैफलीचे ध्वनिमुद्रण लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत आहे. तीच सर्वोत्तम मैफल, यावर मात्र चाहत्यांचे एकमत नाही.