मांजराचे दात : काटा, बिस्किट आणि एक बेट

गोव्यातल्या घरात मांजरासाठी वेगळे रांधण्याची पद्धत नव्हती. विळीवर बांगडा चिरताना जे बाजूला पडेल ते त्याचे, आणि दुपारी पाने उठली की काटे, डोकी आणि हुमणात कालवलेला उरलासुरला भात त्याचा. शाकाहारी घरात दूधभात. या व्यवस्थेत मांजराच्या दातांचा विचार कोणी करण्याचे कारण नव्हते, आणि कोणी केलाच तर उत्तर तयार असे : काटे चावते ना, मग दात आपोआप घासले जातात. आता शहरांतून मांजराला पुड्यातला कोरडा खाऊ घालतात. गंमत म्हणजे तिथेही तेच उत्तर थोड्या फरकाने ऐकू येते : कडक दाणे चावते ना, मग दात साफ राहतात. काटा गेला, दाणा आला, समजूत मात्र जागची हलली नाही. ती कुठून आली आणि तिचे पुढे काय झाले, हा इतिहास मला फार मजेशीर वाटतो. मजेशीर म्हणतो खरा, पण त्याची किंमत मांजरांनी मोजली आहे.

आधी त्या तोंडात डोकावू. मोठ्या मांजराला ३० दात असतात, पिल्लाचे दुधाचे दात २६. समोरचे बारीक दात पिसे उपटायला, चार सुळे सावज धरायला आणि मागचे कात्रीच्या पात्यांसारखे मांस कापायला. आपल्यासारख्या सपाट दाढा त्याला नाहीत, आणि जबडा डावीकडे-उजवीकडे सरकवून दळण्याची सोयही नाही. मांजर चघळत नाही. कापते आणि गिळते. त्याच्या लाळेत पिष्ट पचवणारा रस नाही. गोडाची चवही त्याला कळत नाही : ती ओळखणाऱ्या जोडगोळीतला एक जनुकच मांजरकुळात निकामी झाला आहे, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील संशोधकांनी २००५ साली दाखवले. माणसाच्या दाताला लागते तशी कीडही मांजराच्या दाताला लागत नाही. मग त्याला दुखते काय? त्याच्या हिरड्या. दातांवर जिवाणूंचा चिकट थर बसतो, लाळेतल्या चुन्याने तो कडक होऊन त्याचे किटण बनते, हिरडी लाल होते, सुजते, दातापासून सुटते आणि शेवटी खालचे हाड झिजते. या दुखण्याचा मुक्काम हिरडीच्या कडेला आणि तिच्या आत असतो, दाताच्या टोकाला नव्हे. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचे सगळे समजायला सोपे जाईल.

मांजर माणसाजवळ आले ते धान्याच्या कोठारातल्या उंदरांमागे. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या मांजराचा सांगाडा २००४ साली प्रसिद्धीस आला. म्हणजे सोबत जुनीच; पण त्यातला बहुतेक काळ मांजराने आपले पोट आपणच भरले. माणसाने त्याच्या जेवणाचा धंदा केला तो मोठ्या शहरांत. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये घोड्याचे उकडलेले मांस गाडीवर घालून दारोदार विकणारे फेरीवाले होते. गाडीची चाहूल लागली की गल्लीतली मांजरे शेपट्या उभारून धावत. आपल्याकडे पदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की पोरे धावतात, तसाच प्रकार. हेन्री मेह्यूने १८५१ सालच्या आपल्या लंडनवरील प्रसिद्ध ग्रंथात या फेरीवाल्यांवर खास लिहिले आहे.

याच शहरात जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन माणूस विजेपासून घराचे रक्षण करणारे दांडे विकायला आला होता. गोदीवर खलाशांची टणक बिस्किटे कुत्रे खाताना त्याने पाहिली, दांडे सोडले आणि १८६० च्या सुमारास कुत्र्यांसाठी बिस्किटे भाजू लागला. पाळीव जनावरांच्या तयार खाद्याचा धंदा इथून सुरू झाला असे मानतात. ध्यानात घ्या, त्या कडक बिस्किटाच्या मुळाशी दातांचे आरोग्य नव्हते. जहाजावर टिकावे म्हणून ते कडक होते. पुढे विसाव्या शतकात मांसाचे डबे आले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत पत्र्यावर नियंत्रण आले तेव्हा डबे मागे पडून कोरडे खाद्य पुढे सरकले, आणि १९५० च्या दशकात पीठ दाबयंत्रातून काढून फुगवण्याची रीत निघाली, तसे पोत्याने दाणे तयार होऊ लागले. स्वस्त, हलके, न नासणारे. आता असा माल विकायचा तर गुण सांगायला हवेत; ‘दातांना चांगले’ हा गुण त्याला आपसूक चिकटला. माझ्या मते ही समजूत पत्र्याच्या टंचाईतून आणि गोदामाच्या सोयीतून वर आली. दाताच्या अभ्यासातून ती आलेली नाही.

साधा दाणा मांजराच्या दाताखाली येतो तेव्हा टोक लागताच त्याचा चुरा होतो. हिरडीच्या कडेपर्यंत काही पोचत नाही. जत्रेतले खाजे खाऊन आपले दात घासले जात नाहीत, तसेच हे. तरीही कडकपणाचा काहीच उपयोग नाही असे म्हणणेही खरे नव्हे : २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पोलंडमधल्या एका मोठ्या पाहणीत कोरडे खाणाऱ्या मांजरांची तोंडे मऊ खाणाऱ्यांपेक्षा बरी आढळली. बरी, निरोगी नव्हे.

याच्या अगदी उलट बाजूने दुसरी समजूत वाढत होती. फ्रान्सिस पॉटेंजर हा कॅलिफोर्नियातला डॉक्टर, क्षयरोग्यांच्या इस्पितळाशी संबंधित. औषधासाठी ग्रंथीचा अर्क तपासायला त्याने मांजरे पाळली होती. त्यांना स्वयंपाकघरातले शिजलेले मांस, कच्चे दूध आणि कॉड माशाचे तेल मिळे. मांजरे वाढली, शिजलेले मांस पुरेना, तेव्हा काहींना कच्चे मांस सुरू केले, आणि ती ठळक सुधारलेली दिसली. मग १९३२ ते १९४२ अशी दहा वर्षे, सुमारे ९०० मांजरांवर, त्याने कच्चे विरुद्ध शिजलेले हा तपास केला. शिजलेले खाणाऱ्यांचे जबडे पिढीगणिक अरुंद झाले, दात वेडेवाकडे आले, हिरड्या सुजल्या, तिसऱ्या पिढीपुढे वंश चालेना. १९४६ साली हे त्याने दंतवैद्यकाच्या एका नियतकालिकात छापले, आणि तेव्हापासून ‘शिजवले की विष, कच्चे ते अमृत’ म्हणणाऱ्यांना हातात दंडुका मिळाला. मांजरासाठीच नव्हे, माणसाच्या आहारावरच्या वादांतही ही मांजरे आणली जातात.

पॉटेंजरने पाहिले ते खोटे नव्हते. कारण मात्र त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते. टॉरिन नावाचा एक पदार्थ मांजराचे शरीर पुरेसा बनवू शकत नाही. तो मांसातूनच मिळावा लागतो. तो कमी पडला तर मांजर आंधळे होते, हे १९७५ साली कळले; त्याचे हृदय ढिले पडून ते मरते, हे १९८७ साली. बाजारातले नामांकित डबाबंद खाद्य खाणारी मांजरेही तोवर त्यातून सुटली नव्हती. शिजवताना टॉरिन पाण्यात उतरतो, आणि पाणी ओतून दिले की तोही जातो. पॉटेंजरच्या शिजलेल्या मांसात निदान एक मोठी उणीव ही असावी, असा आज जाणकारांचा कल आहे. म्हणजे दोष चुलीचा नव्हता, हरवलेल्या अंशाचा होता. आणि नुसते कच्चे मांस हेही पूर्ण जेवण नव्हेच : हाडाशिवाय निव्वळ मांसावर वाढवलेल्या पिल्लांना चुना मिळत नाही, शरीर तो आपल्याच हाडांतून काढून घेते, जबडा पोकळ होतो आणि दात हलू लागतात. ऑस्ट्रेलियात लाडाने रोज कच्ची कलेजी भरवलेल्या मांजरांच्या मानेची हाडे जुळून ती ताठ झाली. जास्तीच्या अ जीवनसत्त्वाचा तो परिणाम होता, हे १९६५ च्या सुमारास दिसून आले. लाडाचे अजीर्ण म्हणतात ते हेच.

आता ते बेट. केपटाऊनपासून आग्नेयेला सुमारे दोन हजार किलोमीटर, दक्षिण महासागरात मॅरियन नावाचे थंडगार बेट आहे. तिथल्या हवामान केंद्रावर उंदीर फार झाले म्हणून १९४९ साली पाच मांजरे नेली. मांजरांनी उंदरांकडे फारसे लक्ष दिले नाही; जमिनीत बिळे करून राहणारे समुद्रपक्षी त्यांना अधिक रुचले. १९७७ पर्यंत पाचाची तीन हजारांवर मांजरे झाली, आणि वर्षाला साडेचार लाखांच्या आसपास पक्षी ती मारतात असा अंदाज निघाला. मग मांजरांत साथीचा विषाणू सोडला, नंतर रात्री बंदुका घेऊन माणसे फिरली, सापळे लावले. १९९१ पर्यंत बेट निर्मांजर झाले. (उंदीर मात्र राहिले, आणि आता ते अल्बट्रॉसची जिवंत पिल्ले कुरतडतात. एकेक उपाय असा असतो.)

या संहारातून मांजरांच्या सुमारे तीनशे कवट्या अभ्यासाला मिळाल्या. असा संग्रह योजून मिळणार नाही. पिढ्यान्‌ पिढ्या ज्यांनी डबा, दाणा, दूधभात यांतले काही पाहिले नव्हते. ताजा पक्षी, पिसांसकट, हाडांसकट, हेच ज्यांचे रोजचे जेवण. ‘निसर्गात मांजराला दातांचे दुखणे नसते’ हे खरे असेल तर ते इथे दिसायला हवे होते. १९९६ साली निष्कर्ष छापून आले : निम्म्याहून अधिक मांजरांच्या जबड्यात हिरडीच्या रोगाने हाड झिजल्याच्या खुणा होत्या. दोनच वर्षांनी ऑस्ट्रेलियातून दुसरा अभ्यास आला, रानटी झालेली मांजरे आणि घरची मांजरे यांची तुलना. रानातल्यांच्या दातांवर किटण स्पष्टपणे कमी होते. हिरड्यांचा रोग मात्र दोन्हींकडे म्हणण्यासारखा वेगळा नव्हता.

मला यातले हे दुसरे वाक्य फार महत्त्वाचे वाटते. दात पांढरा दिसणे आणि हिरडी धड असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काट्याने, हाडाने, दाण्याने किटण खरवडले जाईलही; आतला रोग त्याने थांबतोच असे नाही. घरात मांजराचे तोंड उघडून कोणी पाहिलेच तर पिवळा थर तेवढा पाहतो.

आणखी एक दुखणे आहे, ज्यात दात मुळाशी आतून विरघळत जातो. मांजराला ते भयंकर दुखते. तयार खाद्य आल्यामुळे हा रोग आला, असे पुष्कळ दिवस म्हटले जाई. पण तेराव्या-चौदाव्या शतकांतल्या मांजरांच्या दातांतही त्याच्या खुणा सापडल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. त्या मांजरांनी दाण्यांचे पोते पाहिले नव्हते हे निश्चित. या रोगाचे खरे कारण आजही हाती लागलेले नाही.

मग आहाराने काहीच साधत नाही का? साधते, पण आहार त्यासाठी घडवावा लागतो. काही दाणे मोठे आणि तंतुमय करतात, म्हणजे दात आत रुतेपर्यंत ते फुटत नाहीत आणि दाताची बाजू पुसली जाते. काहींना फॉस्फेटचे क्षार लावतात. ते लाळेतला चुना धरून ठेवतात, त्यामुळे थराचे किटण बनायला वेळ लागतो. असे दावे तपासून शिक्का देणारी पशुदंतवैद्यांची एक परिषद अमेरिकेत १९९७ साली स्थापन झाली. हा शिक्का थर कमी करण्यासाठी किंवा किटण कमी करण्यासाठी मिळतो, हिरडी बरी करण्यासाठी नव्हे. ती परिषदही रोज ब्रश करण्याला पहिली पसंती देते. मांजराचे दात घासायचे म्हटल्यावर आपल्याकडे लोक हसतात. पिल्लूपणापासून बोटाला कापड गुंडाळून सवय लावली तर ते जमते. थोराड बोक्यावर पहिलाच प्रयोग करू नये, रक्त निघेल, आणि ते त्याचे नसेल.

आपल्या घरातल्या थाळीकडे येऊ. हुमण मांजराचे अन्न नव्हे. मीठ, तिखट तर सोडाच, कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजलेला मोठा काटा हिरडीत किंवा टाळूत रुततो. निव्वळ मासळीही पुरी पडत नाही : काही कच्च्या माशांत ब-१ जीवनसत्त्व नासवणारा पदार्थ असतो, तो शिजवल्याने जातो, आणि तेलकट मासळी फार दिवस एकटीच दिली तर ई जीवनसत्त्व कमी पडून अंगातली चरबी पिवळी, दुखरी होते. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा पुरुमेंताच्या खाऱ्या सुक्या मासळीवर मांजर पोसणे तर नकोच. मसाला पडण्याआधी दोन तुकडे बिनमिठाचे उकडून, काटे काढून, त्या उकडीच्या पाण्यासकट द्यावे. टॉरिन त्या पाण्यात असतो. सोबत दुसरे मांस किंवा पूर्ण म्हणून तयार केलेले खाद्य हवे. दूध मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना पचत नाही.

आणि तोंड बघावे. मांजर दुखणे लपवते. ते ताटलीकडे भुकेने येते, एक घास घेते, ओरडून मागे सरते. किंवा एकाच बाजूने खाते, लाळ गाळते, अंग चाटायचे सोडते. ‘म्हातारे झाले, आता खात नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा म्हातारपणाचा काही संबंध नसतो. तोंडभर सूज येणाऱ्या एका हट्टी रोगात तर पशुवैद्य भूल देऊन जवळजवळ सगळे दात काढून टाकतात. ऐकायला क्रूर वाटते. पण मांजर चघळत नाही हे वर आलेच आहे. यातली बहुतेक मांजरे सुधारतात, काही आठवड्यांत नीट जेवू लागतात, वजन धरतात, आणि उकडून बारीक केलेला पेडवा ताटलीत पडला की दात असलेल्या मांजराला बाजूला ढकलून आधी पोचतात.