रहाटाचा दात कोठे मोडतो?

श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर हे फार जुने गाव. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधला मराठी ताम्रपट येथेच मिळाला. समुद्राला लागून वाळूची जमीन आणि तीवर नारळी-पोफळीच्या वाड्या. पोफळीची मुळे उथळ. पाऊस सरला की पुढच्या पावसापर्यंत तिला शिंपण लागते. पंप येण्यापूर्वी कोकण किनाऱ्यावरच्या अशा वाड्यांत विहिरीचे पाणी रहाटाने काढीत. ‘रहाटगाडगे’ हा शब्द आता आपण कंटाळवाण्या दिनक्रमासाठीच वापरतो. विज्ञान शिकवणाऱ्याने मात्र त्याकडे वेगळ्या नजरेने पाहावे. दंतचक्रांच्या साहाय्याने शक्तीची दिशा बदलणारे हे यंत्र मोटारीच्या गिअरबॉक्सच्याच कुळातले आहे.

रहाट हा शब्द संस्कृत ‘अरघट्ट’ यावरून आला. इतिहासकार इरफान हबीब यांच्या मते जुन्या अरघट्टाला दंतचक्रे नव्हती. ती मध्ययुगात आली. सोळाव्या शतकात बाबराने आपल्या आत्मचरित्रात लाहोर-सरहिंद भागातल्या दातेरी रहाटाचे वर्णन केले आहे. त्यात तीन चाके असतात. एक विहिरीवर, गाडग्यांची माळ वाहणारे. दुसरे त्याच आसावर, दातेरी. तिसरे उभ्या खांबाला बसवलेले. त्याचे दात दुसऱ्याच्या दातांत अडकतात. खांबाच्या दांड्याला जुंपलेला बैल किंवा रेडा गोल फिरतो आणि आडवे फिरणे उभ्या फिरण्यात बदलते.

आता थोडे गणित करू. समजा, बैल ४०० न्यूटन बलाने ओढतो आणि खांबापासून ३ मीटरवर चालतो. खांबावर पडणारा पीळ, म्हणजे बलाचे आघूर्ण, ४०० × ३ = १२०० न्यूटन-मीटर झाले. आजच्या पिकअप गाडीचे डिझेल इंजिन साधारण ४०० न्यूटन-मीटर पीळ देते. म्हणजे बैलाचा पीळ इंजिनाच्या तिप्पट! मग गाडी का धावते आणि बैल का धावत नाही? फरक वेगात आहे. सेकंदाला ०.८ मीटर चालणारा बैल मिनिटाला जेमतेम अडीच फेऱ्या घालतो. त्याची शक्ती ३२० वॅट. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेते तेव्हा तेवढ्या पिळातून सुमारे ८४,००० वॅट मिळतात.

दंतचक्राची मध्यापासूनची त्रिज्या ०.६ मीटर धरली, तर त्या वेळी अडकलेल्या लाकडी दातांवर एकूण २००० न्यूटन बल येते, म्हणजे दोन क्विंटलांचा भार. दात मोडणारच. पण तो लाकडाचा, वेगळा बसवलेला. गावचा सुतार नवा ठोकून देऊ शकेल. बैल बिथरला किंवा माळ अडकली तर दात मोडे आणि आस वाचे. घरातल्या विजेच्या फ्यूजसारखेच हे झाले.

मोटारीत हाच प्रश्न पुन्हा आला. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने १९०५ मध्ये जहाजांसाठी द्रवातून पीळ नेणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले. समोरासमोरची पाती असलेली चाके आणि मध्ये फिरणारा द्रव. त्यातून पुढे टॉर्क कन्व्हर्टर आला. १९४० सालच्या ओल्डस्मोबिल मोटारींत पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर विकला जाऊ लागला. गाडी वाळूत रुतून चाके अडकली आणि चालकाने पाय दाबूनच ठेवला, तर चाके फिरत नाहीत. इंजिनाची शक्ती या तेलात उष्णता होऊन साठते. इंजिनाची ताकद वाढवून घेतलेल्या पिकअपमध्ये आतल्या क्लचच्या चकत्या घसरू लागतात, तेल तापते, खराब होते. मग दोन मार्ग उरतात. जादा चकत्या, मजबूत दांडे आणि मोठा तेल-शीतक बसवून आहे तोच गिअरबॉक्स बळकट करायचा, किंवा जड वाहनाचा नवा घालायचा. यातले काहीही केले तरी पीळ पुढे जातोच. मग डिफरन्शियलचे दात किंवा ॲक्सल मोडते. दुबळी कडी नाहीशी होत नाही, ती जागा बदलते.

रहाटाचेही असेच दोन मार्ग झाले. विसाव्या शतकात लोखंडी रहाट आले, हे बळकटीकरण. पुढे पंप आला, ही बदली. किर्लोस्करांनी १९२६ च्या सुमारास केंद्रोत्सारी पंप बनवायला सुरुवात केली. तीन अश्वशक्तीचा पंप म्हणजे आपल्या हिशेबातले सात बैल, आणि तेही न थकणारे. माणसाचे व जनावराचे कष्ट वाचले, याचे मोल कमी नाही. पण नवी दुबळी कडी कोठे गेली?

ती विहिरीत गेली. किनाऱ्याच्या वाळूत गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. खारे पाणी सुमारे अडीच टक्के जड. त्यामुळे समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडे पाणी असेल, तर खाली सुमारे ४० मीटर असते. हा नियम घायबेन आणि हर्झबर्ग यांच्या नावाने ओळखला जातो. उलट वाचला तर तो भीतिदायक आहे. उपशाने पातळी कायमची अर्धा मीटर उतरली, तर खाऱ्या पाण्याची सीमा कालांतराने २० मीटर वर येऊ शकते. बैल थकला की विहिरीला विसावा मिळे. पंपाला थांबवणारे कोणी नाही. ते भान माणसानेच ठेवायचे.

दुसरी कडी गावाबाहेर, विजेच्या तारेत आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले. वाड्या झोपल्या, खांब कोसळले आणि कित्येक दिवस वीज नव्हती. विहिरीत पाणी होते, पंपही शाबूत असतील. पण तार गावच्या सुताराला जोडता येणारी नव्हती.

म्हणून रहाटाकडे परत जा, असे आम्ही म्हणणार नाही. कोणतेही यंत्र बळकट करताना किंवा बदलताना ‘आता काय मोडेल आणि ते कोण दुरुस्त करील?’ हा प्रश्न आधी विचारावा, एवढेच. तो वर्गात सहज विचारता येतो. जाड पुठ्ठ्याच्या दोन चकत्यांच्या कडांना काड्यापेटीतल्या काड्या, गूल काढून, दातांसारख्या बसवा. आस म्हणून बांबूच्या बारीक काड्या घ्या. एक चकती धरून ठेवा आणि दुसरी पिळा, दात मोडेल. आता काड्यांच्या जागी खिळे बसवून तोच प्रयोग करा. या वेळी काय मोडेल, हे मुलांना पिळण्याआधी वहीत लिहायला सांगा.