फिसलबंड्याची दुर्बीण

आमच्या शाळेच्या गच्चीवर दुर्बीण आली तो जानेवारी २०२५ मधला शेवटचा शनिवार. त्याआधी वर्षभर आम्ही एका हौशी मंडळाच्या मागे लागलो होतो. ही मंडळी छोटी वेधशाळा चालवतात आणि महिन्यातून एकदा लोकांना आकाश दाखवतात. आमचे पत्र वाचून त्यांच्यातील एक गृहस्थ म्हणाले, "कार्यक्रम मराठीतून असतो सर, तुमच्या मुलांना समजेल का?" आमची मुले बाजारात, एस.टी.त, दवाखान्यात मराठीच बोलतात. परंतु शाळेच्या पाटीवर उर्दू अक्षरे दिसली की हा प्रश्न येतोच, हे आता अंगवळणी पडले आहे. इकडे आमच्याच मोहल्ल्यातून दुसरा प्रश्न आला, मुलींना रात्रीच्या वेळी गच्चीवर कशाला? आठवीच्या त्रेचाळीस मुलींपैकी नऊ जणी आल्या.

या दोन प्रश्नांच्या मधे उभे असताना आम्हाला हैदराबादची निजामिया वेधशाळा आठवत होती. मीलादच्या नाहीतर शाळेच्या जलशात आपले वक्ते इल्मे-फलकियातचा विषय निघाला की थेट मराग्याला आणि समरकंदला जातात. नसीरुद्दीन तूसी, उलुग बेग, अल्-बेरूनी यांची नावे घेतात, टाळ्या पडतात, सभा संपते. हैदराबादला मात्र कोणी जात नाही. ते तर मराठवाड्याला लागून आहे. १९४८ पर्यंत मराठवाडा त्याच राज्यात होता आणि आमचे आजोबा-पणजोबा त्याच सरकारला सारा भरत होते.

निजामियाची सुरुवात एका माणसाच्या हौसेतून झाली. नवाब जफर जंग हे हैदराबादचे उमराव. इंग्लंडमध्ये शिकलेले. पंधरा इंची व्यासाची ग्रब कंपनीची दुर्बीण त्यांनी स्वतःच्या पैशाने विकत आणली आणि १९०१ साली फिसलबंडा येथील आपल्या जागेत वेधशाळा उभारली. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांची परवानगी घेऊन तिला 'निजामिया' नाव दिले. त्या काळच्या नवाबांच्या हौसेचे किस्से आपण ऐकतो ते शिकारीचे, घोड्यांचे, जडजवाहिराचे. हा नवाब मात्र तारे पाहण्यासाठी पैसा घालत होता. १९०७ मध्ये ते वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे पुढच्या वर्षी सरकारने वेधशाळा ताब्यात घेतली. गंमत अशी की, त्याच १९०८ साली तिकडे समरकंदला व्याटकिन नावाच्या रशियन संशोधकाला उलुग बेगच्या वेधशाळेचे जमिनीत गाडलेले अवशेष सापडले. एक रसदगाह मातीतून वर येत होती, दुसरी सरकारी दप्तरात दाखल होत होती.

समरकंदची वेधशाळा मातीत का गेली, याचा विचार आपण फारसा करत नाही. उलुग बेगने एक हजारावर ताऱ्यांची यादी केली, ती युरोपात पुढे कित्येक वर्षे वाचली गेली. पण १४४९ मध्ये त्याचा खून झाला आणि वेधशाळा ओस पडली. इस्तंबूलमध्ये तकीउद्दीनने १५७७ च्या सुमारास वेधशाळा बांधली, त्याच वर्षी आकाशात मोठा धूमकेतू आला. त्याने त्याचा अर्थ सुलतानाला शुभ सांगितला, पुढे घडले उलटे, आणि १५८० मध्ये सुलतानाच्याच हुकमाने वेधशाळा पाडण्यात आली. आम्हाला वाटते, या दोन्ही ठिकाणी दारे फक्त दरबाराला आणि विद्वानांना उघडी होती. शहरातल्या भिश्त्याने, तांबटाने, त्यांच्या पोरांनी कधी त्या यंत्राला डोळा लावला असता तर पाडायला आलेल्यांना निदान कोणीतरी विचारले असते, का पाडता म्हणून.

निजामियाचे नशीब बरे. सरकारने ती पुढे बेगमपेठला हलवली. त्या वेळी जगातल्या वीसेक वेधशाळांनी मिळून सगळ्या आकाशाचा फोटोंवरून नकाशा करायचे काम वाटून घेतले होते. हैदराबादच्या वाट्याला दक्षिण आकाशातला एक पट्टा आला, नंतर उत्तरेचाही एक आला. आठ इंची कूक दुर्बिणीने काचेच्या पट्ट्यांवर फोटो घ्यायचे आणि मग एकेका ताऱ्याची जागा मोजून नोंदवायची, असे ते काम. चॅटवूड, पोकॉक आणि टी. पी. भास्करन या तीन संचालकांच्या कारकिर्दीत ते चालले आणि साडेसात लाखांहून अधिक तारे मोजून झाले. साडेसात लाख! आमच्या शाळेचे हजेरीपट एका वर्षात बिनचूक भरताना आमची दमछाक होते.

१९१९ मध्ये वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. हे विद्यापीठ आदल्याच वर्षी स्थापन झालेले आणि त्याचे माध्यम उर्दू. दारुत्तर्जुम्यात बसून मौलवी आणि प्राध्यापकांनी गणित, पदार्थविज्ञान, वैद्यक यांचे शब्द घडवले. आज आम्ही वर्गात फळ्यावर 'कुव्वत' आणि 'इस्रा' लिहितो, ते शब्द त्या पिढीच्या हातून घासूनपुसून आमच्यापर्यंत आले आहेत. उर्दूत विज्ञान शिकवता येत नाही म्हणणाऱ्यांना आम्ही हे आवर्जून सांगतो. पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या राज्यात बहुसंख्य मुले तेलुगु, मराठी आणि कन्नड बोलणारी होती. परभणी-नांदेडहून हैदराबादला गेलेल्या मराठी मुलाला तेव्हा कोणी विचारले होते का, की बाबा, तुला उर्दूतून समजेल का? त्याला विचारले गेले नाही. आज आमच्या मुलांना विचारले जाते, पण उत्तर ऐकण्यासाठी कोणी थांबत नाही. दोन्हीत फार फरक आहे असे आम्हाला वाटत नाही.

वेधशाळेचा खरा फायदा कोणाला झाला, तर आवारात वाढलेल्या एका मुलाला. वडील निजामियात नोकरीला, म्हणून पोराचे बालपण दुर्बिणींच्या आसपास गेले. त्याचे नाव वेणू बाप्पू. निजाम कॉलेजात शिकत असतानाच तो वेध घेऊ लागला होता, पुढे शिष्यवृत्तीवर हार्वर्डला गेला आणि १९४९ मध्ये तिथे एका नव्या धूमकेतूच्या शोधात त्याचे नाव लागले. हेच बाप्पू पुढे कोडाईकनाल वेधशाळेचे प्रमुख झाले, तामिळनाडूत कावलूर येथे त्यांनी नवी वेधशाळा उभारली आणि १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेचे अध्यक्ष झाले. कावलूरला शनिवारी संध्याकाळी येईल त्याला दुर्बिणीतून आकाश दाखवण्याचा प्रघात पडला. गावकरी, सहलीची पोरे, कोणीही. बाप्पूंना लहानपणी जे वडिलांच्या नोकरीमुळे मिळाले, ते इथे बिनओळखीच्या पोरालाही मिळाले.

इकडे हैदराबादेत १९४४ मध्ये अकबर अली संचालक झाले. बेगमपेठेत शहराचा उजेड वाढू लागला होता. त्यांनी अठ्ठेचाळीस इंची मोठ्या दुर्बिणीचा ध्यास घेतला. १९६० मध्ये ते गेले आणि दुर्बीण १९६८ मध्ये शहराबाहेर जपाल-रंगापूर येथे उभी राहिली. त्यांच्या मागे ही जबाबदारी सांभाळणारे प्रा. कृष्णा दामोदर अभ्यंकर हे मराठी गृहस्थ. एका नवाबाने सुरू केलेले, एका अकबर अलींनी वाढवलेले काम एका अभ्यंकरांनी तडीस नेले. यावर भाषण ठोकण्याचा मोह आम्हाला होतो, पण त्या तिघांना स्वतःला यात काही विशेष वाटले असेल असे आम्हाला वाटत नाही. त्यांचे लक्ष वर होते.

१६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली नेमकी जपाल-रंगापूरवरून गेली. देशोदेशीचे शास्त्रज्ञ तिथे जमले. आणि त्याच दुपारी गावोगावचे रस्ते ओस पडले होते, लोक दारे लावून घरात बसले होते. आमच्या घरच्या वडीलधाऱ्या बाया अजून सांगतात, पोटुशा सुनेला कोपऱ्यात बसवून सुरी-कात्री उचलून ठेवली होती. आपल्याकडे तर ग्रहणाची नमाज आहे. हजरत पैगंबरांच्या मुलाचा इंतकाल झाला त्या दिवशी ग्रहण लागले, लोक त्याचा संबंध जोडू लागले, तेव्हा त्यांनी बजावले होते की कोणाच्या जगण्या-मरण्याने ग्रहण लागत नसते. हे पाठ असूनही आम्ही कात्री उचलून ठेवलीच. १९९५ च्या ग्रहणापर्यंत वारे बदलले, दूरदर्शनने ते थेट दाखवले, लोक चष्मे लावून गच्चीवर गेले.

बेगमपेठच्या आवारात आज सामाजिक-आर्थिक अभ्यासाची एक संस्था आहे. तिच्या पत्त्यात 'निजामिया वेधशाळा परिसर' हे शब्द टिकून आहेत. वेधशाळेची जुनी वास्तू मात्र मोडकळीला आली आहे. दुर्बीण गेली तरी पत्ता राहतो, हे आपल्या लोकांच्या बाबतीत नवे नाही.

तर गच्चीवरची गोष्ट. अंधार पडला तशी पोरे आधी हिरमुसली. "सर, चांद कुठे आहे?" अमावास्या तीन-चार दिवसांवर होती, चांद कुठून येणार? मग पश्चिमेला शुक्र लावला. दुर्बिणीत तो अर्ध्या चांदसारखा दिसला आणि एक पोरगा ओरडला, "ईदका चांद!" गुरूजवळचा लालसर तारा दाखवत मंडळाचा तरुण म्हणाला, ही रोहिणी, इंग्रजीत अल्डेबरन. आम्ही म्हटले, हा तर आपला अद्-दबरान, मागोमाग येणारा. कृत्तिकेच्या मागोमाग येतो म्हणून. मृगातला रायजेल म्हणजे रिज्ल, पाय. हंसातला डेनेब म्हणजे जनब, शेपूट. अरबीच्या तासाला पेंगणारी एक मुलगी पटकन म्हणाली, "मग हे सगळे नाव आम्हाला आधीच येत होते की!" तो तरुण हसला, त्याने खिशातली वही काढली आणि उर्दू उच्चार देवनागरीत लिहून घेतले. "तुमच्या मुलांना समजेल का" हा प्रश्न त्यानंतर कोणी काढला नाही.

नऊ मुलींपैकी एकीची दादी सोबत आली होती, राखण म्हणून. तिने शेवटी डोळा लावला. गुरूचे चार चांद पाहिले, बराच वेळ हटेना. मागे रांग खोळंबली. खाली उतरताना तिने आम्हाला बजावले, "बेटा, अगली बार चिठ्ठी हमारे घर भी भेजना, और पूरी गली में भेजना."

पुढच्या कार्यक्रमाची परवानगीपत्रे आम्ही उर्दूत लिहिली. एकतीस सह्या होऊन परत आली. दोन पत्रांवर अंगठा होता.