जुन्या आगगाड्यांचें पुनरुज्जीवन

बुलढाणा जिल्ह्यांतील पिंपळगांव राजा या गांवास आगगाडी कधींच आली नाहीं. परंतु त्याच तालुक्याच्या खामगांवास ती फार लवकर आली. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें 1861 नंतर तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टि वऱ्हाडकडे वळली. मुख्य लोहमार्गावरील जलंबपासून खामगांवपर्यंत सुमारें 8 मैलांचा फांटा घालण्यांत आला व 1870 सालीं गव्हर्नर-जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्तें त्याचें उद्‌घाटन झालें. प्रवाशांपेक्षां कापसाच्या गांसड्यांसाठींच हा मार्ग निघाला, हें उघड आहे.

पुढें वऱ्हाडांत अडीच फूट रुंदीचा दुसरा एक मार्ग झाला. मूर्तिजापुराहून एक शाखा यवतमाळास व दुसरी अचलपुरास जाणारी ही गाडी लोकांनीं प्रेमानें ‘शकुंतला’ म्हणून ओळखली. मँचेस्टर येथें 1921 मध्यें बांधलेलें तिचें ‘झेड डी’ जातीचें एंजिन सत्तर वर्षांहून अधिक काळ राबलें आणि 1994 सालीं त्याची जागा डिझेल एंजिनानें घेतली. आज ती गाडीहि थांबली आहे. अशा निवृत्त यंत्रांचें काय करावें, हा प्रश्न म्हणूनच वऱ्हाडास परका नाहीं.

याचें एक उत्तर वेल्स प्रांतांत मिळालें. पाटीचा दगड वाहून नेण्यासाठीं 1865 मध्यें निघालेली टॅलिलिन रेल्वे 1950 सालीं मालकाच्या मृत्यूनें बंद पडण्याच्या बेतांत होती. लेखक रोल्ट व त्यांच्या मित्रांनीं बर्मिंगहॅम येथें सभा भरविली, वर्गणी गोळा केली, आणि मे 1951 मध्यें स्वयंसेवकांनीं पुन्हा गाडी सोडली. कारकून, शिक्षक, विद्यार्थी सुट्टीच्या दिवशीं रूळ ठोकूं लागले. स्वयंसेवकांनीं चालविलेली जगांतील ही पहिली रेल्वे होय.

महाराष्ट्राचें एक एंजिनहि अशाच मंडळींच्या हातीं गेलें आहे. आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनीं 1907 सालीं नेरळ-माथेरान मार्ग पुरा केला. त्यासाठीं जर्मनींतील ओरेनस्टाइन व कोपेल या कारखान्यांतून एंजिनें आलीं. घाटाच्या तीव्र वळणांवर चाकें अडूं नयेत म्हणून त्यांचे आंस थोडे हलते ठेवले होते. बार्शी लाइट रेल्वेचे जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा त्या रचनेशीं संबंध होता. त्यांपैकीं 740 क्रमांकाचें एंजिन पुढें इंग्लंडांत लेटन बझर्ड येथील छोट्या रेल्वेवर पोंचलें. वाळूच्या खाणींसाठीं 1919 मध्यें घातलेला हा मार्ग 1960 नंतरच्या दशकापासून स्वयंसेवक सांभाळीत आले आहेत. तेथील रूळहि माथेरानप्रमाणेंच दोन फूट रुंदीचे.

हें काम केवळ रंगरंगोटीचें नव्हे. बरींच वर्षें उभें असलेलें एंजिन नुसतें ओढून नेणेंहि धोक्याचें असतें. प्रथम चाकांच्या पेट्यांतील वाळलेलें तेल व गंज काढावा लागतो, नवें तेल भरावें लागतें. चाकांना जोडणारे दांडे पुष्कळदां काढून ठेवावे लागतात. मगच तें क्रेननें उचलून मोठ्या मोटारगाडीवर चढवितां येतें. त्यानंतर बाष्पपात्राची पाळी. आंतील नळ्या काढून पत्र्याची जाडी मोजावयाची, झिजलेले खिळे बदलावयाचे आणि नेहमींच्या दाबापेक्षां अधिक दाबानें पाणी भरून परीक्षा घ्यावयाची. पाणी दबत नाहीं, म्हणून पत्रा फुटला तरी वाफेसारखा स्फोट होत नाहीं. पहिला विस्तवहि अगदीं मंद पेटवावा लागतो. एकदम तापविल्यास एक भाग आधीं फुगतो, दुसरा मागें राहतो आणि सांधे निखळतात.

ही सावधगिरी पुस्तकांतून पुरती येत नाहीं. ती जुन्या फिटरच्या हातांत असते. बागेंत उभ्या केलेल्या एंजिनाचें लोखंड टिकेल, पण तें चालविणाऱ्याची विद्या टिकणार नाहीं. नागपूरच्या मोतीबाग येथें 2002 सालीं अरुंद मार्गाचें संग्रहालय निघालें, ही मोठीच जोड आहे. तथापि पाहण्याची सोय आणि चालविण्याची परंपरा या दोन गोष्टी भिन्न आहेत.

वऱ्हाडच्या शेतकऱ्यास रुंद लोहमार्ग हवा आहे, आणि त्याची मागणी न्याय्य आहे. ताशीं थोडेच मैल चालणाऱ्या गाडीच्या आठवणीसाठीं त्यानें आपली सोय सोडावी, असें कोणीहि म्हणूं नये. परंतु एक एंजिन, दोन डबे आणि कोस-दोन कोसांचा मार्ग राखण्यानें त्या मागणीस बाध येत नाहीं. वेल्समधील लोकांनीं हें काम मालक गेल्यावर वर्षभराच्या आंत हातीं घेतलें. येथेंहि वेळेचाच प्रश्न आहे. कारण गंजलेलें चाक पुन्हा घडवितां येतें, पण वाफेवर गाडी हांकलेला शेवटचा ड्रायव्हर गेला कीं त्याचा हात पुन्हा मिळत नाहीं.